स्वयंपाकघरातली पोर्तुगीज

मळवलीला स्टेशनापलीकडे, भाताच्या खाचरांना लागून एक बंगला आहे. मालक पुण्याचे, येतात शनिवारी-रविवारी. एरवी बंगला बिस्मिल्लामावशी आणि त्यांचे यजमान नसीरभाई यांच्या हवाली. नसीरभाई बाग बघतात, मावशी घर आणि चूल. याला तीस वर्षं होऊन गेली.

त्यांचा मुलगा नवाज कारखान्याच्या कामासाठी ब्राझीलला गेला, तिथल्याच लुसियानाशी लग्न करून तिथलाच झाला. नात आयरा सहा वर्षांची. मावशींनी तिला पाहिलेलं ते फोनवर. मळवलीत दिवेलागण व्हायची तेव्हा तिकडे सकाळ असायची. मावशी विचारायच्या, कशी हाय माझी बाय? आयरा बापाकडे बघायची, आणि बाप अर्थ सांगेपर्यंत पळालेली असायची. मधे दुभाष्या बसवून नातीचे लाड करता येत नाहीत, हे मावशींना कळून चुकलं होतं. डिसेंबरात तिघं पंधरा दिवस येणार असं ठरलं, तेव्हा हातात आठ महिने होते. पंधरा दिवसांत पोर जवळ आली नाही, तर पुढे कधी येणार, हा त्यांना घोर.

शेजारच्या कोमलने फोनवर ब्राझीलची, तिकडच्या पोर्तुगीज भाषेतली एक मालिका लावून दिली, खाली हिंदी अक्षरं येणारी. मोठं घर, तोऱ्यातली मालकीण, एकाच तरुणावर जीव टाकणाऱ्या दोन मुली, आणि एक जाडजूड, प्रेमळ स्वयंपाकीण. मुलींची रडारड मावशी पुढे ढकलायच्या. स्वयंपाकीण आली की तोच भाग तीनतीनदा बघायच्या. ती कांदा कसा चिरते इथपासून त्यांना सगळं पटायचं. पालक निवडता निवडता तिची वाक्यं त्या तिच्यासारखीच म्हणायच्या आणि जुन्या वहीत मराठी अक्षरांत उतरवून ठेवायच्या. फरशी पुसताना तिकडच्या सांबा नाचाची गाणी चालू असायची. चहा ठेवताना त्या परक्या भाषेत काही बोलल्या, की नसीरभाई म्हणायचे, “शिव्या देत असलीस तर मराठीत दे बाई, मला कळू दे तरी.”

डिसेंबर आला, माणसं आली. आयरा दारातच आईच्या मागे लपली. मग धीर करून तिने हळूच पाणी मागितलं. मावशी ताठ उभ्या राहिल्या, दोन्ही हात पोटावर धरले आणि स्वच्छ म्हणाल्या, “सीं, सेन्योरा.” म्हणजे, होय बाईसाहेब.

आयरा आधी चकित झाली, मग पोट धरून हसली. मावशींना आभाळ ठेंगणं झालं. पोर बोलली, त्यांच्याशी बोलली. मग काय, दोन दिवस आयराचे हुकूम सुटत राहिले. बूट घाल, केळं सोल, बाहुली उचल. मावशी प्रत्येक वेळी तेच अदबीने म्हणत आणि धावत. लुसियाना मात्र लाल होई, लेकीवर पुटपुटत रागावे. सुनेला आपलं बोलणं आवडत नाही असं मावशींना वाटलं, म्हणून त्या आणखीच अदबीने बोलू लागल्या.

तिसऱ्या दिवशी नवाज चुलीपाशी येऊन बसला.

“अम्मी, तू बोलतेस ते नोकर बोलतात. आजी असं बोलत न्हाई. लुसियाना रात्री रडली. म्हणते, मी सासूकडून चाकरी करून घेते असं वाटतंय.”

मावशी भाकरी थापता थापता थांबल्या.

“मला वाटलं, मी भाषा शिकले,” त्या म्हणाल्या. मग भाकरी तव्यावर टाकत, “कान पण चुलीपाशीच बसला व्हय माझा.”

नवाज त्यांना दुसरे शब्द सांगू लागला, पण त्यांनी हाताने थांबवलं. ते शब्द त्यांना येत होते. मालिकेतली मालकीण मुलींना तेच म्हणायची, आठ महिने कानावर पडलेले. फक्त ते आपल्या तोंडचे असतील, असं कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बाहेरच्या ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. आयरा बूट घेऊन आली, पाय पुढे केला आणि वाट बघू लागली. मावशी उठल्या नाहीत.

“वें का,” त्या म्हणाल्या. इकडे ये. मग शेजारची जागा थोपटून, “सेंता.” बस.

आवाज मालकिणीसारखा मुळीच निघाला नाही, फार मऊ निघाला. आयराने त्यांच्याकडे नीट पाहिलं, दोन दिवस जिला पळवलं ती हीच का, अशा नजरेने. आतून लुसियाना कॉफीचा कप घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली.

आयराने बूट खाली टाकले आणि ती बसली. थोड्या वेळाने सुपात बोट घालून तिने विचारलं, हे काय आहे. प्रश्न पोर्तुगीजमध्ये होता, मावशींना पुरता कळला.

“तांदूळ,” त्या म्हणाल्या. “आपल्या हितला, इंद्रायणी.”

आयराने ‘तांदूळ’ हा शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग एक खडा शोधला, आजीच्या तळहातावर ठेवला आणि दुसरा शोधायला सुपावर वाकली.