फेट्याच्या दिवशी मी बाजूला बसले

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. चौथीपर्यंतच शाळा झाली, तेवढ्या अक्षरांवर लिहिते आहे.

निजामाचं राज्य होतं तेव्हा धाराशिवात आमच्या गल्लीच्या तालमीतली मुलं फुटबॉल खेळू लागली होती. पोलिसांचा संघ खेळायचा, त्यांचं बघून तीही शिकली. आमच्या घरचे, म्हणजे माझे मालक, सगळ्यांत पुढं उभे राहून गोल मारायचे. तरुणपणी त्यांनी पोलिसांवर गोल केला की लोक त्यांना खांद्यावर बसवून गल्लीत आणायचे. बायका माळवदावरून मैदान बघत. मीही बघायची, पण पदर दातात धरून, मागं उभी राहून.

पुढं यांचे केस पिकले. गुडघा सुजायला लागला, तरी अर्ध्या चड्डीत मैदानावर जायचे. माझी मान खाली जायची. शेजारच्या आत्याबाई सगळ्यांसमोर म्हणायच्या, "आगं, तुझा म्हातारा घोडा आज पळंल का नुसता चरंल?" बायका हसायच्या. मीही हसायची. आज आठवलं की तेच हसणं आधी टोचतं.

दोन वर्षं यांच्या पायातून गोल झाला नव्हता. पण एक गोष्ट मला माळवदावरून दिसत होती. हे जिथं उभे राहत तिथं समोरच्यांचे दोन गडी त्यांना चिकटून राहत. यांचं जुनं नाव ऐकून घाबरलेले असायचे ना! मग आमचा एखादा नवा गडी मोकळा सुटायचा आणि गोल करायचा. हे मुद्दाम त्या दोघांना घेऊन बाजूला सरकायचे. हे मी कुणाला बोलले नाही. बाईमाणसानं फुटबॉलचं काय बोलावं?

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी तालमीत वाद झाला. आमच्या तालमीची रीत अशी की एखाद्या गड्याला लोकांनी आपला मानला, तर मैदानावर त्याला फेटा बांधायचा आणि त्याच्या आईनं नाहीतर बायकोनं ओवाळायचं. घरच्या दिव्याशिवाय फेटा पुरा होत नसे. नवी मुलं म्हणाली, "नुसतं उभं राहणाऱ्याला फेटा कशाला? मग खांबालाबी बांधा." म्हातारी मंडळी म्हणाली, "ह्यो नसता तर धाराशिवाला कोण ओळखत होतं?" शेवटी वस्तादांनी ठरवलं, फेटा बांधायचा. ते स्वतः आमच्या दारात आले. सासूबाई वारल्या होत्या, म्हणून मलाच म्हणाले, "बाई, तुमाला यावं लागंल. पोरांची तोंडं तुमच्या दिव्यानंच बंद व्हतील."

मी दाराआडून हो म्हटलं.

दसऱ्याच्या सकाळी ताट घासलं. निरांजनात वात घातली. मग डोळ्यासमोर मैदान आलं. खुर्च्यांवर बसलेले पोलिसांचे साहेब, चहूकडं पुरुषच पुरुष, आणि मधून ताट घेऊन एकटी चालणारी मी. समोर हे, चड्डीवर, सुजलेल्या गुडघ्याचे.  मी आत्याबाईंना हाक मारली आणि सांगितलं, "मला कावळा शिवलाय. तुम्ही वस्तादांना निरोप धाडा." ताट चुलीपाशी तसंच राहिलं. मी कोपऱ्यात घोंगडी टाकून बसले.

दिव्याशिवायच फेटा बांधला. आत्याबाई तिकडून आल्या त्या लांबूनच सांगू लागल्या. "कुणीतरी वरडलं बघ, घरच्या लक्षुमीचाच कौल न्हाय, आमी काय वेगळं म्हणत हुतो! लई हसली माणसं."

हे आले तेव्हा डोक्यावर फेटा होता. तो त्यांनी काढून खुंटीला अडकवला आणि चूल पेटवली. मी बाजूला असले की भाकरी तेच थापायचे. पहिली भाकरी करपली. ती स्वतःला ठेवून दुसरी त्यांनी माझ्या ताटात वरून टाकली. मग चुलीकडं बघतच म्हणाले, "आठ दिवसांमागंच तर तू चवथ्या दिवसाचं न्हालीस."

मी ताट जवळ ओढलं.

"तुलाबी पोरांगतच वाटतं व्हय?"

तेव्हा म्हणायचं होतं, नाही हो, मला लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले. तुम्ही दोन गडी ओढून नेता ते मी पाहिलंय, सगळ्या मैदानात तुमच्याइतका फेट्याला लायक कुणी नाही. हे सगळं तोंडात होतं. मी भाकरी मोडत राहिले. त्यांनी पाणी ओतून चूल विझवली.

दुसऱ्या दिवशी ते फेटा तालमीत परत देऊन आले. दुपारी वस्ताद तोच फेटा घेऊन अंगणात उभे राहिले. हे घरात नव्हते. वस्ताद म्हणाले, "बाई, त्यो म्हणतोय मी लायक न्हाय. आता खेळणारबी न्हाय म्हणतोय. पोरांचं सोडा. तुमी एक डाव म्हणा, की त्यानं फेटा घ्यावा. तुमचं ऐकंल त्यो."

कोपऱ्यातून उठून दारापर्यंत यायला चार पावलं होती. पण उठले असते तर कालचं खोटं उघडं पडलं असतं.

"मी बाजूला आहे," मी आतूनच म्हटलं.

 वस्तादांच्या वहाणा वाजत वाजत गल्लीत गेल्या. त्यानंतर हे मैदानाकडं फिरकले नाहीत, आणि मीही माळवदावर चढले नाही.