फ्लॅश शेवटी टाकणारा हरूदादा

फोटो काढण्याआधी हरूदादा समोरच्याच्या हातात एका दोरीचं टोक द्यायचा आणि सांगायचा, "नाकाला लाव." नवरदेव असो, सरपंच असो, नाहीतर रेशनकार्डाच्या फोटोला आलेली म्हातारी असो, सूट कुणालाच नव्हती. दोरीचं दुसरं टोक त्याच्या फ्लॅशला बांधलेलं असे. दोरी मासेमारीच्या जाळ्याच्या सुताची होती आणि तिला चार गाठी होत्या. नाकाकडच्या टोकापासून अडीच मीटरवर एक, मग साडेतीनवर, पाचवर आणि सातवर.

मी कंटेनर यार्डात वजनकाट्यावर कामाला होतो. त्यामुळे पहिल्या भेटीतच त्याला विचारलं, या चारच गाठी का?

"माझ्या फ्लॅशच्या ताकदीचा आकडा अठ्ठावीस हाय," तो म्हणाला. "त्याला अंतरानं भाग."

मी तोंडी भागलं. अकरा पूर्णांक दोन, आठ, पाच पूर्णांक सहा, चार. त्याने उजेडाचं भोक लहानमोठं करणारी लेन्सची कडी माझ्यासमोर धरली. तिच्यावर हेच आकडे कोरलेले होते, फक्त पहिल्यातले पूर्णांकानंतरचे दोन नव्हते. फोटोग्राफी हा अंदाजाचा धंदा आहे असं मी तोवर समजत होतो. त्या दिवसापासून मी हरूदादाला मानायला लागलो.

तो सारसोळ्याचा. ऐन विशीपर्यंत बापाबरोबर खाडीत होडीवर जायचा. नंतर नेरूळला दहा बाय आठच्या गाळ्यात त्याने स्टुडिओ टाकला, पण सवयी होडीवरच्याच राहिल्या. "पानी आनि उजेड," तो म्हणायचा, "दोनी मोजल्याबिगर आत शिरायचं नाय." घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो शांतपणे खुर्ची द्यायचा आणि स्वतः दोरी गुंडाळत बसायचा. गिऱ्हाईक थंड झालं की मगच कॅमेरा उचलायचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझं लग्न ठरलं, तेव्हा फोटोला हरूदादाच, हे मी आधीच सांगून टाकलं. अडचण लग्नाच्या जागेची होती. माझी बायको सुनंदा जासईची. ती तीन वर्षांची असताना तिचा ताप आठवडाभर हटला नव्हता. माझे सासरे तिला खांद्यावर टाकून गावामागच्या डोंगरातल्या देवीच्या गुहेत घेऊन गेले आणि बोलून आले, "ही वाचली तर हिचं लगीन तुझ्याच पुढ्यात, पाच वातींच्या समईच्या उजेडात." ती समई ते स्वतः लावणार होते. पण लग्नाच्या दोन वर्षं आधी मिठागरात पाय घसरून ते पडले, कंबर गेली आणि अंथरुणाला खिळले. डोंगर चढायचा प्रश्नच नव्हता.

मी हरूदादाला त्यांच्याकडे घेऊन गेलो. सासऱ्यांनी एकच गोष्ट सांगितली.

"मना लगीन नाय दाखवलंस तरी चालंल, फोटोवाल्या. समई दाखव. माझ्या हातानं लावनार व्हतो, ता नाय जमलं. निदान डोल्यांनी बघंन. पाच वाती. पेटलेल्या."

"दाखवतो, बाबा," हरूदादा म्हणाला.

लग्नाच्या चार दिवस आधी आम्ही दोघं गुहेत जाऊन आलो. गुहेत भर दुपारीही स्वतःचा हात दिसत नव्हता. समई लावून त्याने माझे चार फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी प्रिंट दाखवले. मी लख्ख, मागचा ओला कातळ पांढराफटक आणि समईवर खडूच्या ठिपक्यांसारखं काहीतरी. ती पेटलेली आहे हे शपथेवर सांगावं लागलं असतं.

"फ्लॅश म्हंजे पापनी लवायच्या आत आला नि गेला," हरूदादा म्हणाला. "तेवढ्यात वात काय दिसनार? तिला टाइम द्याला लागल. दहा सेकंद कॅमेरा उघडा ठेवायचा. फ्लॅशमधी मानसं येतील, बाकीच्या टायमात समई." आणखी दोन गोष्टी त्याने ठरवल्या. फ्लॅश समोरून न मारता बाजूने मारायचा, म्हणजे कातळ चमकणार नाही. आणि साडेतीन मीटरवर आठऐवजी पाच पूर्णांक सहा लावायचं, म्हणजे भोक मोठं ठेवायचं. "घरात भिंती उजेड परत देतात. गुहा खाते."

लग्न सकाळी अकराला लागलं. आमच्याकडे धवला गाऊन लग्न लावणारी धवलारीण असते. तिच्या गाण्याच्या मध्ये मध्ये हरूदादाचे फ्लॅश पडत होते आणि ती त्याला टोमणे मारत होती, "अरं, नवरी आंधली होईल! मग नवऱ्याचा तोंड कसा बघंल?"

शेवटी देवीपुढे सगळ्यांचा एकत्र फोटो राहिला. आम्ही बावीस जण. गॅसबत्ती बाहेर नेली, फक्त समई राहिली. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर होता. हरूदादाने शटर उघडून अडकवून ठेवलं आणि लेन्सवर झाकण म्हणून सुनंदाच्या धर्माकाकांची टोपी मागून घेतली. काकांनी टोपी उचलायची आणि दहा सेकंदांनी परत ठेवायची, एवढंच काम.

"कोनी हलू नका," हरूदादाने बजावलं. काकांनी टोपी उचलली, बाजूने फ्लॅश पडला आणि त्याच क्षणी बावीस माणसं सुटली. आत्या सुनंदाच्या गळ्यात पडली. कुणीतरी चप्पल शोधायला वाकलं.

"हलू नका म्हनलो ना!"

"आता कशाला?" धवलारीण म्हणाली. "फ्लॅश तं परला!"

दुसऱ्यांदा त्याने नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. फ्लॅश पडला आणि माझ्या सख्ख्या मामांनी मोठा सुस्कारा टाकून पान खायला बाहेर पाऊल टाकलं. बाकीचे त्यांच्या मागे.

मी हरूदादाजवळ गेलो. फ्लॅश तयार झाल्याचा लाल दिवा लागेना. बरोबर आणलेले सेलचे दोन्ही संच सकाळपासून संपत आले होते. "अजून एक पडंल," तो म्हणाला. "दुसऱ्याचा भरवसा नाय." मला घरी पडलेले सासरे दिसायला लागले. हरूदादा मात्र दगडावर बसून दोरी गुंडाळत होता. गुंडाळून झाली आणि तो हसला.

"चूक त्यांची नाय. मी उलटा चाललो. मानूस फ्लॅश पडेपर्यंत हलत नाय, पडला का थांबत नाय. मंग फ्लॅश शेवटी टाकायचा."

त्याने सगळ्यांना परत उभं केलं. या वेळी समजावलं काहीच नाही. एवढंच म्हणाला, "सेल उतरलेत. फ्लॅशला जरा टाइम लागंल. तो पडेपर्यंत श्वास पन हलूच घ्या." दोरीचं टोक माझ्या मुठीत दिलं. काकांच्या कानात सांगितलं, आता उचला, फ्लॅश दिसला की ठेवा.

टोपी निघाली. मी मनात मोजत होतो. तीनला हरूदादा आमच्या समोरून अंधारात चालत कॅमेऱ्याच्या डावीकडे गेला. पाचला माझ्या मुठीतली दोरी ताणली गेली. तो बोटांनी साडेतीनची गाठ शोधत होता, त्याला बघायची गरज नव्हती. सात. आठ. बावीस माणसं फ्लॅशची वाट बघत पुतळ्यासारखी उभी होती. धवलारीणसुद्धा गप्प. दहा झाले आणि फ्लॅश पडला. काकांनी टोपी ठेवली, मग सगळे सुटले ते सुटले.

तिसऱ्या दिवशी हरूदादा स्वतः जासईला आला. सासऱ्यांनी फोटो खिडकीकडे धरला. फोटोतल्या आमच्यापैकी कुणाकडेही त्यांनी पाहिलं नाही. समईवर बोट ठेवलं आणि मोठ्याने मोजलं, "एक. दोन. तीन. चार. पाच." मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. वातींचा पिवळा उजेड सुनंदाच्या गालावरही आला होता. तो दिसल्यावर त्यांनी फोटो उताणा छातीवर ठेवला आणि हरूदादाला म्हणाले, "जेवून जा."

हरूदादा जाऊन आता काही वर्षं झाली. पुढे घरात मुलांशी, ऑफिसात साहेबांशी बोलताना मला त्याची रीत उपयोगी पडली. माणसं ज्याची वाट बघतात ते शेवटी द्यावं, तोवर ती आपलं ऐकतात.

तो फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. त्या दहा सेकंदांत हरूदादा कॅमेऱ्यासमोरून चालत गेला, पण अंधारात होता म्हणून फिल्मवर उमटला नाही. नवीन माणूस आला की हमखास विचारतो, नवरदेवाची मूठ का आवळलेली? मी त्याला जवळ नेऊन दाखवतो. मुठीतून एक बारीक दोरी निघाली आहे, फ्लॅशच्या उजेडात स्पष्ट दिसते. ताणलेली, सरळ, डावीकडे फोटोच्या कडेबाहेर गेलेली. तिचं दुसरं टोक हरूदादाकडे आहे.