कुरडयांची चटई आणि मागची खुर्ची

यंदाच्या बुद्ध पौर्णिमेला मला खुर्ची नको होती. एवढंच. पण या एवढ्याशासाठी मी किती पेटून उठले होते, ते आमच्या घरच्यांना विचारा.

दोन उन्हाळ्यांपूर्वी कूलरच्या टाकीत बादली ओतताना माझी कंबर धरली, ती धरलीच. तेव्हापासून घरच्या वंदनेला सगळे गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून पंचांग प्रणाम करत आणि मी मागे प्लास्टिकच्या खुर्चीत हात जोडून बसे. खुर्ची सासूबाई स्वतः आणून ठेवत. त्या मात्र सत्तरीतही सगळ्यांच्या पुढे वाकत आणि दिवाणाचा काठ धरून उठत. त्या खुर्चीचा मला भयंकर राग यायचा. माझी तर पन्नाशीही आली नव्हती.

थंडी सरता सरता डॉक्टरांनी व्यायामाला होकार दिला आणि पुण्याहून लेकीने पिलाटेसचा व्हिडिओ पाठवला. हॉलमध्ये सतरंजी अंथरली, मोबाइल स्टुलावर उभा केला. व्हिडिओतली बाई म्हणाली, श्वास सोडत बेंबी पाठीकडे ओढा आणि मग पाठीचा एकेक मणका सावकाश उचला. हात्तिच्या, म्हटलं, हे तर झोपून करायचं काम. दुसऱ्याच मिनिटाला पोट थरथरायला लागलं आणि मला हसू फुटलं. म्हणजे माझ्या पोटात अजून स्नायू होते! इतकी वर्षं कुठे दडी मारून बसले होते कोण जाणे.

सासूबाई दिवाणावर चहा पीत सगळं बघत होत्या. पाय अधांतरी आणि हात अंगाशेजारी भराभर वरखाली, असा एक व्यायाम आला, तेव्हा त्यांना राहवेना.

"पडल्या पडल्या काहून फडफडून राहिली वं?"

नवरा पेपरमागे खुदुखुदु हसत होता. मला उलट चेवच आला. सतरंजी फरशीवरून घसरते म्हणून मी जाड जांभळी चटई मागवली. आणि ऐन रंगात आले असताना एका सकाळी ती चटई गायब. घर पालथं घातलं. शेवटी गच्चीवर सापडली, नागपूरच्या उन्हात पसरलेली, आणि तिच्यावर ओळीने कुरडया. इतकी स्वच्छ, न घसरणारी चटई वाळवणाला नाही तर कशाला, असं सासूबाईंचं म्हणणं पडलं. मी पुष्कळ तणतणले. नंतर कितीतरी दिवस पालथं पडलं की चटईला जिऱ्याचा वास यायचा आणि व्यायाम सोडून भूक लागायची.

मग एकदा, हात न टेकता, मी झोपलेली उठून बसले. मोठा झटका नाही, कळ नाही. हे सांगायला मी स्वयंपाकघरात पळत गेले. आपण चक्क पळत आलो, हे तिथे पोहोचल्यावर लक्षात आलं.

पौर्णिमेला हॉल नातेवाइकांनी भरला होता. खीर तयार होती, मूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या. सासूबाईंनी सवयीने मागे खुर्ची मांडली. मी म्हटलं, आई, आज नको. मी गुडघे टेकले, मग तळवे, आणि माझं कपाळ गार फरशीला लागलं. इतका आनंद झाला की उठावंसंच वाटेना. पण खरी परीक्षा उठण्याचीच होती. बेंबी आत ओढली, श्वास सोडला आणि उठले. तीनदा वाकले, तीनदा उठले.

ऐटीत मागे वळून पाहिलं, तर खुर्चीत सासूबाई बसलेल्या. वंदनेला त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. घाबरून जवळ गेले, काय होतंय विचारलं.

"काही नाही वं," त्या गुडघा चोळत हळूच म्हणाल्या. "घरात दोघींनीही खुर्चीत कसं बसाव? दोन वर्षं माहे गुडघे तुह्या कमरेची वाट पाहून राहिले होते."

मी त्यांच्या पायांशी फरशीवर बसले, हात न टेकता, आणि त्यांचे गुडघे दाबू लागले.