गेटवरची हलगी

"दादा, तुम्ही गेटवर वाजवा. पाहुणे आत येताना छान वाटेल."

ताई म्हणाली. बारामतीच्या हॉलच्या दारात, पायात घुंगरू बांधून.

"आन् स्टेजवर?"

"स्टेजवर रेकॉर्डिंग लावतोय ना. तुमचंच आहे."

मी शेकलेली हलगी घेऊन उभा.

मी अंथुर्ण्याचा. आम्ही मातंग. हलगी आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या, आणि ती वाजवायची जागाही पिढ्यान् पिढ्या ठरलेली. लग्न दुसऱ्याचं, मांडव दुसऱ्याचा, आम्ही उंबऱ्याबाहेर.

ताई वालचंदनगरच्या क्वार्टरमधली, साहेबाची बायको. कथक शिकवायची. तिनं सगळ्या कलांचा एक कट्टा काढला. एक बंगाली इंजिनिअर बासरी वाजवायचा, एक तमिळ बाई चित्रं काढायची. मला ताईनं गावच्या जत्रेत ऐकलं आणि बोलावलं. वर्षभर एक रविवार चुकवला नाही. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. मी तिच्या अंगणात उसाचं पाचट पेटवायचो, कातडं ताणलं जाईपर्यंत सगळे जाळाभोवती बसायचे. मग आत, एकाच सतरंजीवर.

पहिल्या दिवशी घरी आलो तर आबांनी, माझ्या वडिलांनी, एवढंच विचारलं, "दारात वाजवलीस का घरात?"

"घरात, आबा. सतरंजीवर बसून."

"खरं म्हंतूस?" म्हणाले, आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

ताई मोबाइलवर माझी हलगी भरून घ्यायची. रियाजासाठी, म्हणायची. मी नंदीबैलासारखा मान हलवायचो. तिला मी बहीण मानलं होतं. माझ्या मूर्खपणाची आजही चीड येते.

आणि कट्ट्याच्या कार्यक्रमाच्या त्या दिवशी, बारामतीत, आबा आत बसलेले. तिसऱ्या रांगेत, कडक धुतलेली टोपी घालून. आयुष्यभर लोकांच्या दारात वाजवलेला माणूस पोराला स्टेजवर बघायला आला होता.

पाहुण्यांची गाडी आली. कुणीतरी हात केला. आणि माझा हात चालला. लाज वाटते सांगायला, पण चालला. पिढ्यांची सवय. पाहुणे माझ्याकडं न बघता आत गेले. दार लागलं. मी बाहेर.

थोड्या वेळानं आतून हलगी ऐकू आली. माझी. माझाच हात, सुरुवातीची उठाणही माझीच. बाहेर मी मुका, आत मी वाजतोय.

दार ढकलून आत गेलो. स्टेजवर ताई नाचत होती, बंगाली बासरी घेऊन बसला होता. माझ्या जागेवर फुलांची कुंडी. आणि आबा खुर्चीतून अर्धे उठून स्टेजवर इकडंतिकडं बघत होते. हात ओळखला होता त्यांनी. माणूस सापडत नव्हता.

तिथं माझ्यात काहीतरी तुटलं. सरळ साउंडवाल्याकडं गेलो.

"बंद कर."

"तुम्ही कोण?"

"ह्यो हात माजा हाय. बंद कर."

त्यानं माझं तोंड बघितलं आणि बंद केलं. ताईचा पाय तसाच थबकला. सगळा हॉल मागं वळला. बंगालीनं मान खाली घातली. वर्षभर माझ्या जाळाला हात शेकलेला माणूस.

"चला, आबा," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "गेटवर तूच वाजवत हुतास?"

"व्हय."

इंदापूरच्या एसटीत आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अंथुर्ण्यापर्यंत परत घातली नाही.

आठवड्यानं ताई घरी आली, पेढे घेऊन. "गैरसमज झाला, दादा. पुढच्या वर्षी स्टेजवर नक्की."

मी म्हटलं, "ताई, आदी मोबाइल काढा. माजी हलगी पुसा त्यातनं."

ती घुटमळली. मग एकेक करून पुसली. मी शेजारी उभं राहून शेवटची पुसेपर्यंत बघितलं. पेढे परत दिले.

हलगी मी सोडलेली नाही. आता दर रविवारी आमच्याच अंगणात पाचट पेटतं. कथकवाल्यानं यावं, बासरीवाल्यानं यावं, कुठल्याही भाषेच्या माणसानं यावं. आधी जाळाजवळ आमच्याबरोबर बसावं लागेल. अजून त्यांच्यातलं कुणी आलेलं नाही. न येवोत.

आमच्या घरात दुसऱ्याच्या दारात वाजवणारा शेवटचा माणूस मी. त्या दिवशी, त्या गेटवर. माझ्यामागं तिथं कुणी उभं राहणार नाही.