सालासकट वांगं

थंडी पडली की श्रीपतच्या हातगाडीवर एकच माल असे, भरताची वांगी. हिरवट-पांढरी, तान्ह्या पोराच्या डोक्याएवढी, भुसावळकडून पॅसेंजरनं टोपल्यांतून आलेली. सुरतेच्या बाजारात वांग्यांना काही तोटा नव्हता, पण लिंबायतमधल्या खानदेशी बायका तिथल्या काळ्या गोळ्यांना वांगी म्हणायलाच तयार नसत. त्यामुळे हिवाळाभर श्रीपतचं बरं चाले.

तो स्वतःही तिकडचाच. तरुणपणी लूमवर काम करायला आला, आणि एके दिवशी मागावरून सूत नेणारा धोटा उडाला तो थेट डाव्या डोळ्यात. मालकानं औषधपाण्याचं पाहिलं आणि मग दार दाखवलं. एका डोळ्याचा कारागीर लूमच्या कुठल्याच खात्यात कुणाला नको होता. तेव्हापासून ही गाडी होती, आणि गाडी बसली तर दुसरं काही नव्हतं.

गिऱ्हाइकं मात्र जिवाभावाची. बायका वांगं तळहातावर तोलून बघत, जड लागलं की बिया जास्त म्हणून परत ठेवत, भाव पाडत, त्याच्या बायकोची, प्रभावतीची, चौकशी करत. श्रीपत बौद्ध, बौद्धांच्या गल्लीत राहतो, हे सगळ्यांना माहीत होतं. कच्च्या भाजीला त्याची कुणाची हरकत नव्हती.

मग तिकडे अरबांच्या मुलखात लढाई पेटली आणि इकडे घासलेट महागलं. आधी महागलं, मग मिळेनासंच झालं. बायका डबे रांगेत ठेवून दुकानाच्या पायरीवर भांडू लागल्या. लाकडाच्या वखारवाल्यानंही संधी साधली, आणि भुसासुद्धा, जो लोक फुकट उचलून नेत, तो विकत मिळू लागला. बाजारात बायकांचा प्रश्नच बदलला. पूर्वी विचारत, कोवळं आहे का? आता विचारत, लवकर शिजेल का? वाल पडून राहिले, तुरीच्या डाळीकडे कुणी बघेना, मुगाची डाळ आणि मेथी हातोहात जाऊ लागली. ज्या घरात पावाला आजारी माणसाचं खाणं म्हणत, त्या घरात सकाळी भाकरीच्या जागी पाव आला.

आणि भरताचं वांगं तर जाळ खाणारं. स्टोव्हवर धरलं तर त्याचं पाणी गळून बर्नर बंद पडतो, आणि भरताला घासलेटाचा वास लागतो तो वेगळाच. श्रीपतची टोपली संध्याकाळी भरलेलीच परत जाऊ लागली. वांगी सुकत, सुरकुतत, आणि तो प्रभावतीसमोर ती ओतताना तिच्याकडे बघत नसे.

मगन भडभुंजा दुपारी चणे-कुरमुरे भाजून झाले की भट्टी तशीच सोडून देई. निखारे संध्याकाळपर्यंत धुमसत राहत. एके दिवशी श्रीपतनं विचारलं, यात माझी वांगी टाकू का?

"ले ने भाई, आमेय राख ज थवानी छे," मगन म्हणाला, नाहीतरी त्या निखाऱ्यांची राखच व्हायची होती, आणि बदल्यात स्वतःसाठी एक वांगं मागून घेतलं.

त्या संध्याकाळी भाजलेल्या वांग्यांचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. बायका आल्या, भोवती उभ्या राहिल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. कुणी हात पुढे करेना. शेवटी केशरबाई बोलली. तिचा नवरा आणि मुलगा लूमवर, गल्लीत तिचा शब्द चाले, आणि श्रीपतकडून वांगी घ्यायला ती सगळ्यांच्या आधी येई.

"भाऊ, कच्चा दे. मी घर भुंजसू."

घरी घासलेटाचा थेंब नव्हता. हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. त्यानं कच्चं वांगं दिलं. त्याला राग आला होता, आणि गिऱ्हाइकावर राग काढता येत नाही याचा आणखी राग आला होता.

"उद्यापासून भाजू नका," प्रभावती घरी म्हणाली. "त्यांच्या घासलेटाची काळजी तुम्हाला कशाला?"

"त्यांची नाही. माझ्या वांग्यांची काळजी आहे," श्रीपत म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टीवर गेला.

भूक फार दिवस हट्ट करू देत नाही. तोड काढली तीही केशरबाईनंच. गाडीपाशी उभं राहून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "साल त आपण काढीसनी फेकीच देतस ना? मंग इटाळ कसाना?"

हात लागतो तो सालीला. साल जाते उकिरड्यावर. बायकांना एकदम पटलं. अशा गोष्टी पटायला वेळ लागत नाही. त्या दिवसापासून प्रत्येकीनं आपलं वांगं कच्चं निवडायचं, ओळखीला देठाशी मिरची नाहीतर लसणाची पाकळी खोचायची आणि श्रीपतकडे सोपवायचं. संध्याकाळी ताट घेऊन यायचं. तो चिमट्यानं वांगं उचलून ताटात सोडी, सालासकट. ताटाला हात लावायचा नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगावंही लागलं नाही.

टोपली रिकामी जाऊ लागली. मगनच्या भट्टीपाशी रोज संध्याकाळी गर्दी व्हायची, हसणं-खिदळणं व्हायचं. श्रीपतही हसे. धंदा वाचला होता. तरी चिमटा हातात घेतला की त्याचा चेहरा जरा उतरायचा, आणि उरलेल्या एका डोळ्यानं तो ताटाकडे न बघता वांग्याकडेच बघायचा.

महागाई काही हटली नाही. केशरबाईनं घरी कांड्या भरायचं काम धरलं. दिवसभर सूत बोटांतून सरकायचं, बोटं चिरायची. माघातल्या एका संध्याकाळी ती धावतच आली. नवऱ्याची पाळी सुरू व्हायची होती, भाकरी बांधून तयार होती, भरीत राहिलं होतं. दहाही बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. श्रीपतनं चिमट्यानं वांगं ताटात सोडलं. तिनं घाईनं तिथेच साल सोलायला बोट लावलं आणि कळवळून मागे घेतलं.

बाकीच्या बायका बघत होत्या. केशरबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग ताट गाडीवर ठेवलं.

"सालबी काढी दे, भाऊ."

श्रीपतला आनंद झाला, आणि एवढ्याशा गोष्टीचा आनंद व्हावा याची चीडही आली. मग त्यानं चिमटा खाली ठेवला. एका हातानं तिचं ताट धरलं आणि दुसऱ्यानं साल सोलायला घेतली. वांगं अजून धगधगत होतं. जरा निवू दे, असं म्हणायला हवं होतं, पण तो म्हणाला नाही. साल सोलून त्यानं गर बोटांनी मोडून दिला, देठ बाजूला काढला, आणि केशरबाई ताट पदराखाली घेऊन पळत गेली.

घरी प्रभावतीनं त्याच्या बोटांवरचे फोड पाहिले.

"चिमटा हरवला की काय?"

"नाही," श्रीपत म्हणाला. "केशरबाईच्या वांग्याची साल काढत होतो."

प्रभावतीनं आत जाऊन खोबरेल तेल आणलं.