चार जीबीतली पाऊण जीबी

"पावणं, चार म्हनाला व्हता ना? मग हितं तीन पॉइंट पंचवीस का दावतंय?"

सेक्रेटरी बबनराव स्क्रीनवर बोट टेकवून उभे होते. ओतूरजवळच्या एका दूध संस्थेचं ऑफिस. साल दोन हजार सहा-सातचं असेल. त्यांचा सर्व्हर रडतखडत चालायचा. रॅम, म्हणजे काम करताना मशीनला लागणारी मेमरी, वाढवा असं मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. एकेक जीबीच्या चार पट्ट्या बसवल्या आणि विंडोज पाऊण जीबी गिळून बसलं.

"पट्टी नीट बसली नसेल," मी म्हणालो. काही कळलं नाही की आम्ही इंजिनिअर हेच म्हणतो.

सर्व्हर बंद केला. पट्ट्या काढल्या, खोडरबरानं घासल्या, परत बसवल्या. ३.२५. जागा बदलून पाहिल्या. ३.२५. तोवर संध्याकाळचं दूध आलं. बाहेर कॅनची रांग लागली. ऑपरेटर सुनंदाताई मुकाट्यानं हातानं पावत्या लिहू लागल्या.

"आमच्या आणे पठारावर मेंढरू कमी भरलं की लांडग्याचं नाव निघतं," बबनराव म्हणाले. "हितला लांडगा कोन?"

"डीलर!" मी म्हणालो. "डुप्लिकेट माल दिलाय."

आणि तिथल्याच फोनचा स्पीकर लावून, दहा-बारा माणसांसमोर, पुण्याच्या शहाशेठना मी चोर ठरवलं. बारा वर्षांची ओळख. ते एवढंच म्हणाले, "उद्याच्या एसटीनं दुसऱ्या पट्ट्या पाठवतो."

दुसऱ्या दिवशी ओतूरच्या स्टँडवरून पार्सल आणलं. नव्या पट्ट्या बसवल्या. ३.२५.

परत फोन. या वेळी माझा आवाज जरा खाली होता.

"मशीन चालू होताना काळ्या स्क्रीनवर किती आकडा येतो?" शहाशेठनी विचारलं.

ती स्क्रीन मी कधी वाचलीच नव्हती. तेवढ्यात माझा चहा व्हायचा. रीस्टार्ट केलं. ४०९६ एमबी. म्हणजे पूर्ण चार जीबी.

"मग माल पूर्ण आहे. तुमचं विंडोज ३२ बिटचं. जरा वाचा त्याबद्दल."

वाचलं. प्रकार साधा होता. मेमरीतल्या प्रत्येक जागेला घर नंबर लागतो. या विंडोजकडे चार जीबीपुरतेच नंबर. त्यातले काही डिस्प्ले कार्ड, नेटवर्क कार्ड असल्यांसाठी आधीच राखून ठेवलेले. उरलेले नंबर रॅमला. पाऊण जीबी रॅम मशीनमध्ये होती, पण तिला नंबरच मिळाला नव्हता.

हे मी बबनरावांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी तुमालाच ठावं नव्हतं."

"नव्हतं."

"अन् चोर त्या शेठला म्हनलं."

बबनरावांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि स्पीकरचं बटण स्वतः दाबलं. "लावा. काल ज्यांनी ऐकलं, त्यांना आजबी ऐकू द्या."

मी माफी मागितली. सुनंदाताईंनी तेवढ्यापुरतं लिहिणं थांबवलं होतं. शहाशेठ म्हणाले, "असू द्या. गेल्या वर्षी मीही असाच कंपनीवाल्याशी भांडलो होतो."

सर्व्हर पुढं सव्वातीन जीबीवर वर्षानुवर्षं झकास चालला. चौथ्या पट्टीतली पाव जीबीच कामी येत होती, म्हणजे ती घालायची गरजच नव्हती, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून आकडा जुळला नाही की आधी वाचतो, मग फोन करतो. आणि स्पीकर बंद ठेवतो.