खिडकीबाहेरचा कप

बेबाबाईच्या किळशीचे किस्से माहेरी, भडगावला, गल्लीभर सांगितले जायचे. दुधात माशी पडली तर माणसं माशी काढून टाकतात. बेबा दूध ओतून द्यायची, पातेलं राखेनं तीनदा घासायची आणि वर दोन दिवस दुधाचा चहा प्यायची नाही. पंगतीत शेजारचा भुरके मारत जेवायला लागला की हिचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. लोक हसायचे. मोठ्या घरची लेक असल्यासारखी नाकं मुरडते म्हणायचे.

ही किळस कुठून आली ते बेबाला पक्कं ठाऊक होतं, पण ती कुणाजवळ बोलत नसे. तिची माय कलाबाई एका बागायतदाराच्या घरी शेंगा फोडायला जायची. दुपारी चारला अंगणात चहा मिळे. घरच्यांना कपबशी, आणि कलाबाईला कान तुटलेला एक पांढरा कप. तो कप घरात नसायचा, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायचा. मालकीण हातभर उंचावरून चहा ओतायची, मग तसंच उंचावरून पाणी. कलाबाई कप विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा घालायची आणि शेंगांना बसायची. सहा-सात वर्षांच्या बेबानं एकदा कलाबाईच्या आधी जाऊन तो कप सुलटा केला, तर आतून झुरळ निघालं आणि तिच्या मनगटावरून चालत गेलं. मायनं झुरळ झटकलं, कप विसळला आणि त्यातच चहा प्याली. बेबाच्या पोटात त्या दिवशी जी मळमळ बसली ती बसलीच. आपलं घर असं ठेवीन की कुणाच्या बापाला बोट ठेवायला जागा राहणार नाही, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं.

आणि ठेवलंही तसंच. पुना बैसाणेशी लग्न झालं. पुना टेलिफोन खात्यात मेकॅनिक, धुळ्याला देवपुरात दोन खोल्या. भांडी अशी लखलखीत की पाहुण्यानं त्यात तोंड बघून केस विंचरावेत. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, त्यांच्या काचा रोज पुसलेल्या. नवीन ओळख झाली की बायका आधी आडनाव विचारत. ‘बैसाणे’ ऐकलं की पदर सावरून उठत आणि चहाला ‘आत्ताच झाला’ म्हणत. बेबा त्या निघून गेल्यावर त्या बसल्या होत्या ती सतरंजी धुऊन टाकायची. तुम्हाला माझी किळस, तर मला तुमची.

सत्याऐंशी साली पुनाची बदली झाली ती थेट अंदमानात, पोर्ट ब्लेअरला. पुना म्हणाला, “तीन वरीस शेतस. काढी लिसूत.” बेबानं ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ, लाल तिखट, उडदाचे पापड आणि ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे जाड पापडांचा, डबा असा संसार बांधला. कलकत्त्याहून बोट. चार दिवस ती बोटीच्या मोरीपाशी बसून ओकत होती आणि ओकता ओकता आधीच्या माणसानं ती मोरी कशी घाण करून ठेवलीय याबद्दल खात्याला शिव्या देत होती.

बेटावर उतरली आणि पहिल्या आठवड्यात तिला कळून चुकलं की इथे स्वच्छता नावाची गोष्ट देवानंच केलेली नाही. खान्देशात उन्हाळ्यात ओलं फडकं दोरीवर टाकेपर्यंत वाळतं. इथे आठ महिने पाऊस, आणि पाऊस नसेल तेव्हा घाम. धुतलेलं लुगडं तिसऱ्या दिवशीही ओलसर, आणि त्याला आंबूस वास. बिबड्यांचा डबा उघडला तर आत हिरवीगार लव. तिखटाला बुरशी, चपलांना बुरशी, उशीला बुरशी. शी! एके दिवशी बाबासाहेबांच्या फोटोच्या काचेखाली, थेट कोटावर, तिला बुरशीचा ठिपका दिसला. ती फोटो मांडीवर घेऊन भिंतीशी बसली आणि रडली.

वर ते प्राणी. मुठीएवढ्या शंखाच्या गोगलगायी रात्रीतून भिंतीवर चढत आणि सकाळी दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत त्यांची चिकट वाट. संडासात बेडूक. गादीखाली वीतभर घोण. भाजी आणायला टेकडी उतरून गेलं तर पायाला जळू. बेबा दिवसातून तीनदा फिनेल टाकायची आणि तरी तिला वाटायचं, हे बेट आपल्याला हळूहळू पचवतंय.

पुना सकाळी केबलच्या कामाला जायचा तो संध्याकाळी उगवायचा. दिवसभर बोलायला कोण? भाषा येईना. बेबाची हिंदी धुळ्याच्या बाजारातली, भाजीवाल्याशी भांडण्यापुरती.

तेवढ्यात शेफाली आली. आली म्हणजे काय, मागच्या दारानं सरळ स्वयंपाकघरात घुसली. शेजारच्या क्वार्टरमधली बंगाली बाई. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर. आईबाप पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन बेटावर आलेले, ही इथेच जन्मलेली. “दीदी, मेनलँड से आया?” एवढंच विचारलं. आडनाव विचारलं नाही. बेबा त्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिली, तो आलाच नाही. या बेटावर तो कुणीच विचारत नव्हतं. पण हे बेबाच्या ध्यानात यावं तर कसं, तिचं सगळं लक्ष शेफालीच्या हातांकडे होतं. बाई मासळी कापता कापता उठून आली होती. नखांत रक्त, मनगटावर खवले, आणि त्याच हातानं तिनं बेबाच्या भाजीवरचं झाकण उचललं, बोट बुडवलं, चाटलं आणि म्हणाली, “तेल जास्ती.”

बेबानं ती भाजी फेकून दिली.

शेफाली रोज यायला लागली. तिला वाटलं, बिचारी एकटी आहे. ती पोळपाटाशेजारी फतकल मारून बसे, सुक्या मासळीचा वास तिच्या केसातून घरभर पसरे. आता बोंबील भडगावलाही भाजतात आणि बेबानंही ते आवडीनं खाल्लेले होते, पण तिच्या म्हणण्याप्रमाणे तो वास वेगळा, हा वेगळा. शेफाली बेबाच्या कपात चहा पिऊन गेली की कपाला वास, बशीला वास. राखेनं घासा, लिंबानं घासा, वास जाईना. निदान बेबाच्या नाकातून तरी जाईना.

मग बेबानं काय केलं? एका कपाच्या कडेचा टवका उडालेला होता. तो तिनं मागच्या खिडकीबाहेर, सिमेंटच्या पट्टीवर, पालथा घातला. शेफाली आली की त्यात चहा. जाताना शेफाली बाहेरच्या नळावर कप धुई आणि परत पट्टीवर ठेवी. भिंतीवरून बाबासाहेब बघत होते आणि या बाईला काही म्हणजे काही आठवलं नाही. विचारलं असतं तर म्हणाली असती, वासामुळे हो, दुसरं काय. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा इतकं साधं कारण सांगतो की ऐकून अंगावर काटा यावा.

शेफालीला मात्र त्या कपाचं भारी कौतुक. तिनं चाळीसारख्या त्या क्वार्टर्सच्या रांगेत सगळ्या बायकांना सांगितलं की दीदीनं माझ्यासाठी वेगळा कप ठेवलाय. “मेरा कप. दूसरा कोई नहीं पीता.” तिच्या सबंध आयुष्यात, सहा भावंडांच्या घरात, तिच्या एकटीचं म्हणून कुणी काही ठेवलं नव्हतं. तिनं त्या कपाजवळ पट्टीवर एक जास्वंदीचं फूलही ठेवायला सुरुवात केली. बेबा ते फूल चिमटीनं उचलून फेकायची. त्यावर मुंग्या असायच्या.

दुसऱ्या वर्षी बेबाला दिवस गेले. किळशीला आधीच उधाण, त्यात ही अवस्था. पाण्याचाही वास येई. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जपा, घरात कुणीतरी बाई हवी. आधी एक पडलं होतं, धुळ्याला. हेही गेलं तर आपण उठणार नाही, हे बेबाला कळत होतं आणि बेटावर तिच्या रक्ताचं कुणी नव्हतं. पुना रजा काढून भडगावला गेला, कलाबाईला आणायला. त्या तीन आठवड्यांत शेफाली सकाळी येऊन पाणी भरायची, भात टाकायची, बेबा ओकली की पाठ चोळायची आणि ओकारी स्वतःच्या हातानं धुऊन काढायची. हसत हसत. मग नळावर हात धुऊन पट्टीवरचा आपला कप घ्यायची.

कलाबाई आली ती बोटीनं पिळून निघालेली. पहिला दिवस झोपूनच काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या पायरीवर येऊन बसली. चारचा सुमार. शेफाली आली, वाकून पाया पडली आणि खिडकीवरचा कप उचलून म्हातारीला दाखवत म्हणाली, “माँ, ये मेरा कप. दीदी ने रखा.”

कलाबाईनं कपाकडे पाहिलं. पट्टीकडे पाहिलं. घरात फळीवर मांडलेल्या पाच चकचकीत कपांकडे पाहिलं. उठली. शेफालीच्या हातातून तो कप काढून घेतला आणि तिला आत नेऊन फळीवरचा कप दिला. मग लेकीपुढे टवक्याचा कप धरला. बेबानं चहा ओतला. हात थोडा उंच राहिला, सवयीनं, वासाच्या सवयीनं. म्हातारी फुंकर मारत प्याली. नळावर गेली, कप विसळला, पाणी झटकलं आणि पट्टीवर पालथा घातला. मनगटाची ती गिरकी बेबानं सहा-सात वर्षांची असताना पाहिलेली होती.

“माय, त्या कपमा कसाले पिनी तू?” बेबा म्हणाली.

“माले सवय शे,” कलाबाई म्हणाली.

बेबा उठून मोरीपाशी गेली आणि ओकली. पोटात होतं नव्हतं तेवढं सगळं. शेफाली धावली, पाठ चोळायला लागली, आणि त्या हाताला मासळीचा वास होता, आणि बेबाला पहिल्यांदा कळलं की घाण कुठून येतेय. गोठ्याच्या भिंतीतला कोनाडा ती बोटीत बसून समुद्रापार घेऊन आली होती. झुरळासकट.

दुसऱ्या दिवशी तिनं तो कप आत आणून फळीवर ठेवला. शेफाली आली, पट्टी रिकामी बघून तिचा चेहरा पडला. “मेरा कप?” फळीवर दिसला तेव्हा तिनं तो काढून घेतला आणि पुन्हा बाहेर पट्टीवर नेऊन ठेवला. दीदीनं दिलेली जागा होती ती, कशी सोडेल? बेबाला सगळं सांगायचं होतं. कोनाडा, उंचावरून पडणारा चहा, सगळं. पण सांगायचं म्हणजे त्या बाईच्या आयुष्यातली एक मानाची गोष्ट काढून घ्यायची आणि तिच्या हातात काय द्यायचं, तर झुरळ. पुढचं दीड वर्ष बेबा रोज तो कप त्या पट्टीवर बघत राहिली. तीही त्यातच प्यायला लागली, शेफालीनंतर, न धुता. किळस यायची. स्वतःची. तशी येऊ द्यायची.

मुलगी झाली, सुखरूप. शेफालीच्या मांडीवर वाढली. नव्वद साली बदली परत धुळ्याला. धक्क्यावर शेफाली हमसून रडत होती. तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी बेबाच्या पिशवीत कोंबलं. “मेरा कप. उधर भी बाहर रखना, दीदी. मैं आएगी तो पीएगी.”

आता देवपुरात तिचं पत्र येतं, वर्षातून एखादं, नवऱ्याकडून लिहवून घेतलेलं. पोरगी किती मोठी झाली, बिबडे खराब होत नाहीत ना, आणि शेवटी न चुकता, माझा कप कुठे ठेवलाय. कप फळीवर आहे, बाकीच्यांच्या रांगेत. बेबा रोज सकाळी त्यातच पिते. पोरीकडून उत्तर लिहून घेताना मात्र तिला दरवेळी तेच खोटं लिहायला सांगावं लागतं, की शेफाली, तुझा कप बाहेर खिडकीवर आहे, तुझ्या जागेवर.